डाव्या हातानं लिहिलेलं दार

भिंगरीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे तिला ओळखणारे सगळेच सांगत. पण त्या वर्षी तो शेंड्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हता. भिंगरी हे तिचं लहानपणी पडलेलं नाव. एका जागी बसत नाही म्हणून वडिलांनी ठेवलेलं आणि पन्नाशी उलटली तरी चिकटून राहिलेलं. चित्राच्या कोपऱ्यात सहीसुद्धा ती तीच करायची.

निमित्त झालं वर्तमानपत्रातल्या एका ओळीचं. तिच्या चित्रांबद्दल कुणा समीक्षकानं लिहिलं होतं, 'गेली वीस वर्षं या बाई एकच चित्र काढत आहेत, फक्त कॅनव्हास नवा आणतात.' भिंगरीनं ती ओळ वाचली, पानाची घडी घातली, घडीची पुन्हा घडी घातली आणि तो जाड चौकोन खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत हातोडीनं ठोकून बसवला.

"निदान वारा तरी अडव," ती त्याला म्हणाली.

पण ओळ डोक्यातून गेली नाही. खोटी असती तर गेली असती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कॅनव्हासला हात लावायचं सोडलं. घराचा वरचा मजला म्हणजे तिची कामाची खोली आणि खाली नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. वर काय चाललंय हे खाली वासावरून कळायचं. आधी तिनं काचेवर रंगवून पाहिलं, मग पत्र्यावर. पत्र्याचा तेलकटपणा नीट गेला नव्हता, त्यामुळे आठवड्याभरात रंगानं पापुद्रे धरले आणि अख्खं आकाश जमिनीवर गळून पडलं. तो पत्रा तिनं लाथ घालून जिन्यावरून खाली सोडला. अंड्याच्या बलकात रंग कालवला. तो टिकला झकास, पण उरलेला वाडगा ती खिडकीशी विसरली आणि तीन दिवसांनी खालची गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून डोळे तपासून घ्यायला लागली. फरशीच्या तुकड्यांवर वितळलेलं मेण ओतलं. गोणपाटावर चुना चढवला, तर चुन्यानं बोटांची सालं काढली.

"आता रंगवायचा मीच तेवढा उरलोय," नवरा एकदा जेवताना म्हणाला. "पण माझा पृष्ठभाग बराच खडबडीत आहे. आधी घासून घ्यावा लागेल."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीची चेष्टा सुचते."

"घरात एक जण सतत रागावलेला असला, की दुसऱ्यानं काहीतरी उद्योग करावा लागतो."

पाठीत उसण भरावी तसा तिच्यात राग भरलेला होता. कुठल्याही बाजूला वळलं तरी कळ यायची.

अशातच तिला दारं सापडली. बंदराकडे जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून त्याच्या कडेची बैठी घरं पाडली होती आणि त्या घरांची दारंखिडक्या एका वखारीत येऊन पडली होती. वखारवाला दारं पुस्तकांसारखी उभी लावून ठेवायचा. भिंगरीनं पहिल्याच खेपेला सहा दारं घेतली. ऊन, धूर, हातांचा मळ, रंगावर रंग. कॅनव्हासला शंभर वर्षांत येणार नाही असं अंग त्या लाकडाला आलेलं होतं. तिच्या हाताला पुन्हा खाज सुटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती कुणावरही न खेकसता झोपली.

दुसऱ्या खेपेला तिनं ते निळं दार पाहिलं. मागच्या भिंतीशी, बाकीच्यांपासून वेगळं, गोणपाटाखाली झाकलेलं. जुना निळा तैलरंग आणि त्यावर एका बाजूला कमरेच्या उंचीपासून थेट खालपर्यंत पेन्सिलीच्या रेघाच रेघा. मोठाल्या, वाकड्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. कुठेतरी अक्षरं असावीत असं वाटत होतं, पण कुणा पोरानं दार गिरवून ठेवलंय असं समजून भिंगरीनं ती वाचायची तसदी घेतली नाही. तिनं फक्त बोट फिरवलं. पेन्सील इतकी दाबून चालवलेली होती की रंगात चरे पडले होते.

"ते सोडून बोला ताई," वखारवाला म्हणाला. "ते ठेवायला सांगितलंय एका बाईनं. आठवडी सुट्टीला येऊन नेते म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"झाले असतील आठ-दहा दिवस."

"मग एक आठवडी सुट्टी होऊन गेली की. आली का?"

"नाही आली."

"यायची असती तर आली असती. लोक बोलतात आणि विसरतात. मला हेच दार हवंय काका. बाकीचं एकही नको."

वखारवाल्यानं मान खाजवली. भिंगरी हटत नाही, हे त्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. ती तासभर तिथेच एका ओंडक्यावर बसून राहिली. शेवटी त्यानं दोन माणसांना हाक मारली आणि दार टेम्पोत चढवलं.

त्या दारावर तिनं नऊ दिवस काम केलं. रेघांच्या वरच्या भागावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ, दुधाच्या सायीसारखा थर दिला. त्यातून पेन्सिलीच्या रेघा धुक्यातून दिसाव्यात तशा दिसू लागल्या. खाली मात्र रेघा फारच दाट होत्या आणि चरे इतके खोल की रंग बसेना. मग तिनं भरड काचपेपर घेतला आणि खालचा हातभर पट्टा दोन दुपारी घासत बसली. लाकूड गुळगुळीत झालं. त्यावर काजळी मिसळलेला काळा रंग पट्टीनं जाडसर ओढला. उभं राहून पाहिलं तेव्हा तिला कळलं की आपण आजवर केलेल्या कामात हे सगळ्यात चांगलं आहे. नाव सुचायला वेळ लागला नाही. 'बडबड.'

प्रदर्शन धाकटीच्या दालनात भरलं. धाकटी म्हणजे भिंगरीची सख्खी बहीण, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि सहा पटींनी व्यवहारी. पहिल्याच दिवशी एका हॉटेलवाल्यानं 'बडबड' आपल्या दर्शनी भिंतीसाठी ठरवलं. आणि ज्या वर्तमानपत्राची घडी खिडकीत बसली होती, त्याच वर्तमानपत्रानं दाराचा मोठा फोटो छापला. 'रेषांचा अर्थहीन, मुक्त कल्लोळ,' असं खाली लिहिलं होतं. भिंगरीनं ते नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं.

चौथ्या दिवशी दुपारी दालनात एक बस कंडक्टर बाई आली. गणवेशातच होती, खांद्याला तिकिटांची पिशवी, बुटांवर धूळ. वय चाळिशीच्या आसपास. ती कुठल्याच चित्रापाशी थांबली नाही, सरळ निळ्या दारासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग तिनं हात पुढे केला आणि पांढऱ्या रंगावर बोट ठेवलं.

"हात लावू नका," भिंगरी आपल्या खुर्चीवरून म्हणाली.

बाईनं हात काढला नाही. "हे तुम्ही केलंय?"

"हो."

"बडबड हे नाव तुम्ही दिलंय?"

"हो. का?"

कंडक्टर वळली. दिवसभर भरलेल्या बसमध्ये बोलून तयार झालेला तिचा आवाज होता. तिनं तो चढवला नाही, तरी दालनात असलेली चार माणसं तिच्याकडे पाहायला लागली. "हे माझ्या आईनं लिहिलंय. झटका आल्यावर तिची वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. चार वर्षं ती डाव्या हातानं लिहायची. कागद एका हातानं धरता येत नाही, सरकतो. म्हणून खाटेशेजारच्या दारावर लिहायची, दार सरकत नाही. मी ड्युटीवरून आले की वाचायचे. आणि तुम्ही त्याला बडबड म्हणताय."

भिंगरीला संताप आला. असं भर दालनात, चार माणसांदेखत कुणी आपल्याला जाब विचारावा? आपल्या सगळ्यात चांगल्या कामावर बोट ठेवून?

"हे बघा, मी हे रीतसर वखारीतून घेतलंय," ती म्हणाली. "मला काय माहीत कुणाचं आहे ते?"

"वखारवाल्याला मी सांगून ठेवलं होतं. माझी सुट्टी रद्द झाली म्हणून एक आठवडा उशीर झाला. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

एवढा एकच शब्द. तो तोंडातून कसा गेला तिलाही कळलं नाही, पण गेला.

कंडक्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा दाराकडे वळून पांढऱ्या थरातून दिसतं तेवढं तिनं वाचायला सुरुवात केली, थांबे पुकारावेत तसं, एकेक करून. "'गोळी कडू आहे.' 'शेजारीण आली होती. मी बोलत नाही म्हणून सगळं मला सांगते.' 'हळू बोल, मी मुकी आहे, बहिरी नाही.' हे इथे, 'डॉक्टर गाढव.'" तिची नजर खाली काळ्या पट्ट्यापाशी आली. "आणि हे? इथे काय केलंत?"

"तिथे... रंग बसत नव्हता."

"म्हणून?"

"घासून घेतलं."

कंडक्टर खाली बसली, काळ्या पट्ट्यावर तळवा ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग उठून पिशवी खांद्यावर सारखी केली आणि एका तिकिटाच्या मागे पत्ता लिहून टेबलावर ठेवला. "मला माझं दार हवंय," एवढं म्हणून ती निघून गेली.

भिंगरी रागानं थरथरत होती. कुणाचा राग ते तिनं स्वतःला विचारलं नाही. दालन बंद व्हायच्या आधीच ती तिथून उठली आणि तडक वखारीत गेली. वखारवाला चहा पीत होता.

"दुसऱ्याची वस्तू तुम्ही मला विकता कशी?" तिनं येताच सुरू केलं. "आज भर प्रदर्शनात ती बाई येऊन मला वाट्टेल ते बोलली. तुमच्यामुळे. ठेवायला सांगितलेली वस्तू देऊन टाकायची नसते, एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

वखारवाल्यानं पेला खाली ठेवला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही त्या ओंडक्यावर बसून राहिलात. मी द्यायला नको होतं, ही माझी चूक. पण मी सांगितलं होतं."

तिनं ओंडक्याकडे पाहिलं. तो तिथेच होता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की इथवर आपण भांडायला आलोच नव्हतो. दुपारच्या त्या 'नाही'ला साथीदार शोधायला आलो होतो. ती वखारीबाहेर पडली. रस्त्यानं चालताना तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आयुष्यभर तिनं राग लोकांवर काढला होता. आज तो काढायला कुणी मिळेना आणि तो आतल्या आत तिलाच भाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं दालन उघडलं तेव्हा भिंगरी दाराला बांधलेल्या तारा कापत होती.

"ताई, काय करतेस?"

"नेतेय."

"नेतेय म्हणजे? ते ठरलंय. हॉटेलवाले सोमवारी उचलणार आहेत. मी शब्द दिलाय त्यांना."

"तू दिलायस ना? मग तूच परत घे."

"वेडी झालीस का? कुणी एक बाई आली, चार वाक्यं बोलली, आणि तू काम मागे घेतेस? उद्या तुझ्या त्या सहा दारांचे मालक आले तर?"

"तर तीही देईन."

"वीस वर्षांनी कुणी तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द छापलेत," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तीही याच घरातली, तीही रागावली की थरथरायची. "ते पण तुला पचत नाहीत. मी किती जणांच्या पाया पडले आहे ते प्रदर्शन व्हावं म्हणून, तुला कल्पना नाही."

"आहे कल्पना. म्हणून आणखीच राग येतो," भिंगरी म्हणाली आणि शेवटची तार कापली. दार भिंतीवरून सुटून तिच्या खांद्यावर रेललं. ते ती समजली होती त्यापेक्षा फार जड होतं. धाकटी दोन क्षण हाताची घडी घालून उभी राहिली. मग शिव्या देत पुढे आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ते बाहेर टेम्पोपर्यंत नेलं. त्यानंतर धाकटी तीन महिने तिच्याशी बोलली नाही.

घरी आणल्यावर खरी परीक्षा होती. रंग चढवणं तिला येत होतं, उतरवणं तिनं कधी केलं नव्हतं. जे रंग सोडवेल ते पेन्सीलही सोडवेल, ही धास्ती. कोपऱ्यातल्या अंगठ्याएवढ्या जागेवर तिनं आधी पाहून घेतलं. टर्पेंटाइननं काहीच झालं नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दोन मिनिटं ठेवला, तर अ‍ॅक्रिलिक फुगून मऊ झालं आणि खालचा जुना तैलरंग मात्र तसाच घट्ट राहिला. लाकडी चमच्याचा दांडा घासून तिनं बोथट पातं केलं आणि मऊ झालेला रंग ढकलून काढला. खालून शिसपेन्सिलीची रेघ निघाली. फिकट, पण शाबूत.

मग ती बसली. कापूस ठेवायचा, मोजायचं, ढकलायचं, पुसायचं. दिवसाला दोन वीतसुद्धा होईना. स्पिरिटच्या वासानं डोकं भणभणायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. नवरा दुकान सोडून मधेमधे वर यायचा आणि खिडक्या उघडून जायचा. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं, त्या 'नाही'सकट. त्यानं चेष्टा केली नाही. त्याचाही तिला राग आला.

पहिल्यांदाच ती ही अक्षरं वाचत होती. मोकळी झालेली प्रत्येक ओळ तिच्या तोंडावर येऊन आदळायची, कारण ती म्हातारी शांत बाई नव्हती. 'मला बाळासारखं भरवू नको.' 'उशी उंच. सांगते कधीपासून.' 'रडू नकोस माझ्यासमोर. बाहेर जाऊन रड.' 'शेजारणीला सांग, तिची सून बरोबर आहे.' एका जागी पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत नुसत्याच आडव्या रेघा मारलेल्या होत्या आणि त्याखाली लिहिलं होतं, 'आज काही नाही. राग आलाय.'

भिंगरीनं पातं खाली ठेवलं. ही बाई भेटली असती तर आपलं जमलं असतं, असं तिला वाटलं. मग आठवलं, की आपण या बाईला काचपेपरनं घासलंय. ती उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि भिंतीवर मूठ मारली. बोटांची कातडी सोलली. परत येऊन बसली.

बाराव्या दिवशी काळा पट्टा निघाला. त्याखाली जे निघालं ते पाहून तिनं नवऱ्याला हाक मारली. निळा रंग तिथे जवळजवळ उरलाच नव्हता. नुसतं घासलेलं, पिवळट लाकूड. शिसं गेलं होतं. फक्त पेन्सील फारच दाबली होती तिथे लाकडात हलके खळगे उरले होते.

नवरा आपलं भिंग घेऊन आला, ज्यातून तो काचांवरचे ओरखडे पाहायचा. दार त्यांनी खिडकीला काटकोनात उभं केलं, म्हणजे उतरतं ऊन त्याच्यावरून सरपटत जाईल. मग तो पालथा पडला आणि एकेक खळगा वाचायला लागला. ती वहीत लिहून घेत होती. बहुतेक ठिकाणी अर्धी वेलांटी, एखादा काना, बाकी काही नाही. अगदी तळाशी, जमिनीपासून टीचभर वर, एक ओळ त्यातल्या त्यात लागली.

"'उद्या,'" तो म्हणाला. "मग 'सुट्टी.' मग... 'घे.'"

"'उद्या सुट्टी घे'?"

"थांब. पुढे काहीतरी होतं. 'घे' च्या पुढे तू जास्त घासलंयस. 'घे' असेल, नाहीतर 'घेऊ' असेल."

"म्हणजे 'घेऊ नको'?"

"असू शकेल. नसूही शकेल." तो उठून बसला आणि डोळे चोळत म्हणाला, "इथे आता काहीच नाही. नुसतं लाकूड आहे."

तिनं भिंग त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि ऊन जाईपर्यंत स्वतः पाहिलं. नुसतं लाकूड होतं. इतकं गुळगुळीत, की तेव्हा दोन दुपारी त्यावर हात फिरवून ती खूश झाली होती.

तिकिटावरचा पत्ता एका नव्या इमारतीचा होता, चौथा मजला. दार लिफ्टमध्ये मावेना. भिंगरी आणि तिचा नवरा ते जिन्यानं घेऊन चढले; प्रत्येक वळणावर ते उभं करायचं, फिरवायचं, पुन्हा आडवं करायचं. दुसऱ्या मजल्यावर नवऱ्याला धाप लागली.

"कुणाला बोलावू का?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आपणच."

कंडक्टरनं दार उघडलं. सुट्टीचा दिवस होता. साध्या कपड्यांत ती लहान दिसत होती. तिनं बाजूला होऊन वाट दिली. खोलीत एकच मोकळी भिंत होती आणि तिच्याशी टेकवायला दोन जुने कापडी बोळे आधीच ठेवलेले होते. दार उभं केल्यावर ती त्याच्यासमोर बसली. वरपासून वाचत आली. मधे एकदा हसली, बहुधा शेजारणीपाशी. खाली आली तसं तिचं हसू गेलं.

"शेवटी तिला हात वर उचलता येत नव्हता," ती कुणाकडेही न पाहता म्हणाली. "म्हणून खाली लिहायची. मी रात्रपाळ्या करून दमून यायचे. खालचं वाचायला वाकायला लागायचं. सुट्टीच्या दिवशी एकदम वाचू, असं म्हणायचे. मग ती गेली. मग मला वाचवेना. मग घर पाडायला आले." तिनं घासलेल्या लाकडावर बोट ठेवलं. "खालचं काहीच राहिलं नाही?"

भिंगरीनं वही पुढे केली. कंडक्टरनं ती ओळ वाचली. वहीत भिंगरीनं दिसलं होतं तेवढंच लिहिलं होतं: 'उद्या सुट्टी घे', आणि पुढे मोकळी जागा.

"पुढे काय होतं?"

भिंगरीला जिन्यावरच कळलं होतं की हा प्रश्न येणार. 'घेऊ नको,' एवढं म्हटलं की झालं. एवढ्या दोन शब्दांनी समोरच्या बाईच्या खांद्यावरचा डोंगर उतरला असता. एकदा खोटं बोलून झालंच होतं. या वेळी तर ते चांगल्यासाठी असतं. नवऱ्यानंही तिच्याकडे पाहिलं. तोही तोच विचार करत असावा.

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "ते मी घासलं. 'घे' असेल किंवा 'घेऊ नको' असेल. आम्ही भिंगानं पाहिलं, पण तिथे काहीच उरलेलं नाही. आणि दुसरं एक. वखारवाल्यानं मला सांगितलं होतं, की हे दार कुणीतरी ठेवायला सांगितलंय. मी तुम्हाला नाही म्हणाले ते खोटं होतं."

कंडक्टर उठली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि मानेची शीर उडत होती. भिंगरीला वाटलं, आता ही आपल्याला मारणार. तिला ते हवंही होतं.

"त्या शेवटच्या आठवड्यात मी रोज कामावर गेले," कंडक्टर म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "रोज. आता मी आयुष्यभर काय समजायचं? ती मला थांब म्हणत होती की जा म्हणत होती? कुणाला विचारायचं मी? तुम्हाला?"

कंडक्टर पुन्हा दाराकडे वळली.

"चांगलं पुसलंत वरचं," कंडक्टर पुढे म्हणाली. "मेहनत घेतलीत, दिसतंय. पण त्यासाठी मी तुमचे आभार मानणार नाही. जा आता तुम्ही. दोघंही जा."

ते गेले. जिन्यात नवऱ्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला, तर तिनं तो झिडकारला. पुढच्या मजल्यावर तिनं स्वतःच त्याचा धरला.

उरलेली सहा दारं भिंगरीनं विकली नाहीत. वखारवाल्याला घेऊन तिनं ती कुठल्या घरांची होती ते शोधायचा प्रयत्न केला. दोघांचा पत्ता लागला. एकानं 'ठेवा की तुम्हीच' म्हणून हसण्यावारी नेलं. दुसरी एक म्हातारी फोटो पाहून म्हणाली, की दार तिचंच, पण रंगवल्यावर बरं दिसतंय. भिंगरीला त्या दोघांचाही राग आला आणि तो का आला हे तिला सांगता आलं नसतं. वर्तमानपत्रात पुन्हा काही छापून आलं नाही. धाकटी एके दिवशी आपणहून जेवायला आली आणि दोघींनी त्या विषयाला हात घातला नाही. वरच्या खोलीत भिंगरी पुन्हा काम करायला लागली, या वेळी साध्या, कोऱ्या, कारखान्यातून आलेल्या पुठ्ठ्यावर. सुरुवात करण्याआधी ती पुठ्ठा दोन्ही बाजूंनी उलटून पाहायची.

एका दुपारी तिचा फोन वाजला. मागे बसच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"मी कंडक्टर," पलीकडून आवाज आला. "दालनातून नंबर घेतला तुमचा. एकच विचारायचंय. घासायच्या आधी तुम्ही ते वाचलं होतंत का?"

भिंगरी खुर्चीवर बसली. हातातल्या कुंचल्याचा रंग मनगटावर ओघळला. "नाही," ती म्हणाली. "पाहिलं होतं. दोन दिवस त्याच्यावर हात फिरवत होते. वाचलं नव्हतं."

पलीकडे कुणीतरी कुठलासा थांबा विचारत होतं.

"मी पण नव्हतं वाचलं," कंडक्टर म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.